सीओटू वेल्डिंग आणि वायूचे माप



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर इतिहास, धर्म, राजकारण, साहित्य या थोर विषयांवर थोर माणसे बोलत आली आहेत. माझा विषय त्या मानाने फार लहान आहे. सीओटू वेल्डिंग करताना गनच्या तोंडातून मिनिटाला किती लिटर वायू सोडावा, एवढाच तो प्रश्न. मी इंजिनिअर नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण काही शेडमध्ये, काही युनियनच्या कचेरीत आणि बरेचसे सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे आज सांगणार आहे ते एका शिकाऊ माणसाने शिकाऊ माणसांना सांगितलेले आहे, असे समजून ऐकावे.

हा विषय याच भागात मांडण्याला कारण आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रे बनली आणि पुढे भारतीय रॉकेटांच्या मोटारींची आवरणेही बनली. तिथे प्रत्येक सांध्याची तपासणी होते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतही मोठ्या कारखान्यांत वायूचे आकडे भिंतीवर लिहिलेले असतात. परंतु माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या साखर कारखान्यांना ऊस नेणाऱ्या ट्रॉल्या, दुष्काळात वाड्यावस्त्यांवर पाणी नेणारे टँकर, गोठ्याच्या जाळ्या, शेततळ्यावरच्या पंपाचे सांगाडे हे सारे कोठे बनते? ते बनते घराशेजारच्या पत्र्याच्या शेडात. तिथे एक मिस्त्री, एक हेल्पर आणि पुष्कळदा मिस्त्रीचा मुलगा एवढाच परिवार असतो. पूर्वी त्यांच्याजवळ रॉडचे वेल्डिंग होते. आता लहान सीओटू मशीन एका फेजवरही चालते, म्हणून ते घरोघर आले आहे. मशीन आले, पण त्याबरोबर येणारे ज्ञान दुकानाच्या खोक्यातून आले नाही.

एक तुटलेला हुक

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाने भरलेल्या एका ट्रॉलीचा हुक कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर तुटला. ट्रॉली मागे सरकली आणि चाकाखाली एका ऊसतोड कामगाराचा पाय सापडला. पाय वाचला, पण त्या पायावर भार देऊन मोळी उचलण्याचे दिवस संपले. कामगार आमच्या ओळखीतला, म्हणून मला बोलावणे आले. ज्या शेडात हुक झाळला होता तिथे मी गेलो. मालकाने वेल्डिंग करणाऱ्या मुलाला पुढे केले. मुलगा एकोणीस वर्षांचा. तो मला म्हणाला, "आण्णा, मी टाका नीट मारला हुता. वरनं बघा की, कसा गुळगुळीत हाय."

वरून टाका खरोखरच गुळगुळीत होता. तुटलेला तुकडा उलटा केला तेव्हा आतून तो पावासारखा जाळीदार निघाला. मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक वेल्डर माझ्या विनंतीवरून आले होते. त्यांनी तुकडा हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला : "गॅस किती ठेवता?"

मालक म्हणाला, "ठेवतो की दोन किलोवर." मुलगा म्हणाला, "सकाळी कमी ठेवतो, मालक गॅसवरनं बोलत्यात. दुपारी वारं सुटलं की पूर्ण सोडतो."

त्या दोन उत्तरांत आजचे सारे व्याख्यान आले आहे. मालकाचे उत्तर चुकीचे, मुलाची सकाळची रीत चुकीची आणि दुपारचीही चुकीचीच. मात्र त्या दिवशी हे मला कळले नव्हते. मालकाने मुलाचा पंधरा दिवसांचा पगार कापला आणि मला तो परत मिळवून देता आला नाही, कारण चूक नेमकी कोणाची आणि कशी, हे सांगण्याची भाषाच माझ्याजवळ नव्हती. ती भाषा मी त्यानंतर शिकलो.

वायू कशासाठी?

लोखंड वितळले की ते हवेला फार भुकेले होते. आपल्या हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन आणि एकवीस भाग ऑक्सिजन असतो. हे दोन्ही वायू वितळलेल्या लोखंडात विरघळतात. पुढे धातू थिजू लागला की त्यांना आत जागा उरत नाही, ते बुडबुडे होऊन बाहेर निघू पाहतात आणि निघण्यापूर्वीच धातू घट्ट होतो. ज्याला आपण शेडात ब्लो होल म्हणतो तो हा अडकलेला बुडबुडा. काही बुडबुडे वर दिसतात. जे आत राहतात ते अधिक वाईट, कारण त्यांच्यावर रंग चढतो.

रॉडच्या वेल्डिंगमध्ये या हवेला आडकाठी करण्याचे काम रॉडवरचे आवरण करते. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते शोधून काढले. आवरण जळते, त्याचा धूर व मळी वितळलेल्या धातूला झाकून ठेवते. १९४८ साली अमेरिकेत बॅटेल संस्थेत निराळी युक्ती निघाली : वायर सतत पुढे सरकत राहावी आणि तिच्याभोवती वायूचे छत्र धरावे. आरंभी हे छत्र आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूचे होते आणि मुख्यतः अॅल्युमिनियमसाठी होते. तो वायू महाग, म्हणून साध्या लोखंडाला ही रीत परवडेना. १९५३ साली सोव्हिएट रशियात ल्युबावस्की आणि नोवोझिलोव यांनी कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला आणि ही विद्या गरिबाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे लोक तिला 'सीओटू' याच नावाने ओळखतात, ते बरोबरच आहे.

हा वायू आपल्याला परका नाही. उसाच्या मळीपासून अल्कोहोल करताना आंबवणीत जवळजवळ अल्कोहोलच्याच वजनाइतका कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि आसवन्यांत तो गोळा करून टाक्यांत भरता येतो. तेव्हा उसाची ट्रॉली झाळणारा वायू उसाच्याच पोटचा असू शकतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. कार्बन डायऑक्साइड पूर्णपणे निष्क्रिय नाही. आर्कच्या उष्णतेत त्याचा काही भाग फुटून ऑक्सिजन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्या ऑक्सिजनचा बंदोबस्त करण्यासाठी वायरमध्ये मँगनीज आणि सिलिकॉन घातलेले असतात. म्हणजे वायरने किती सोसायचे याचा हिशेब वायर बनवणाऱ्याने केलेला आहे. त्यात आपण बाहेरची हवा मिसळली, तर तो हिशेब कोसळतो.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

कमी वायू सोडला तर छत्र तोकडे पडते, हे कोणालाही पटते. जास्त सोडला तरी बिघडते, हे पटत नाही. म्हणून घरचाच दाखला देतो. पाण्याचा नळ हळू उघडा. धार काचेसारखी स्वच्छ, एकसंध पडते. तोच नळ जोराने उघडा. धार पांढरी होते, फुटते, फसफसते. तो पांढरेपणा पाण्याचा नाही, पाण्याने आत ओढून घेतलेल्या हवेचा आहे. गनच्या तोंडातून वायू अती वेगाने सुटला की हेच होते. तो शांतपणे उतरत नाही, भोवरे होतात आणि ते भोवरे बाजूची हवा ओढून वितळलेल्या धातूवर आणून टाकतात. दुपारी 'पूर्ण सोडणारा' तो मुलगा वायूबरोबर हवाच सोडत होता.

या तालुक्यांना हा धडा नवा नसावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि जिरायत रान बागायत झाले. पाणी जितके जास्त तितका ऊस जास्त, अशी समजूत झाली. थोड्याच वर्षांत सखल रानांवर पांढरा थर चढू लागला, जमिनी खारावल्या. १९१० च्या सुमारास पुण्याच्या शेती कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी यांना नीरेच्या खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींचा अभ्यास करावा लागला. पाणी कमी पडून जमीन मेली नव्हती, मोजल्यावाचून दिल्यामुळे मेली होती. वायूचेही तसेच आहे.

मग माप किती?

वारा नसलेल्या शेडात साध्या लोखंडासाठी सोपा अंदाज असा : वायरची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी आणि तिला दहा ते बाराने गुणावे. जे येईल तितके लिटर मिनिटाला सोडावे. ०.८ मिलिमीटरच्या वायरला ८ ते १०, एक मिलिमीटरला १० ते १२ आणि १.२ मिलिमीटरला १२ ते १५ लिटर. करंट फार वाढवला किंवा नोझलचे तोंड रुंद घेतले तर थोडे वाढवावे. लहान शेडातल्या नेहमीच्या नोझलला वीसच्या पुढे जाण्याची गरज क्वचितच पडते. गरज वाटू लागली तर दोष दुसरीकडे आहे असे समजावे.

आता मालकाच्या 'दोन किलो'विषयी. किलो हे दाबाचे माप आहे, लिटर हे प्रवाहाचे. विहिरीवरच्या पंपाचा दाब सांगून पिकाला किती पाणी मिळाले ते सांगता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून रेग्युलेटरला काचेच्या नळीचे, आत गोळी असलेले फ्लोमीटर असावे. नळी सरळ उभी ठेवावी, गनचे बटण दाबून वायू सुटत असतानाच गोळी पाहावी आणि गोळीच्या मध्यावरचा आकडा वाचावा. मीटर ज्या वायूसाठी आखलेले असेल त्याच वायूसाठी वापरावे. बटण सोडल्यावर गोळी तळाला बसली पाहिजे. ती अधांतरी नाचत असेल तर मीटरच्या पुढे कोठेतरी गळती आहे.

फ्लोमीटर आकडा दाखवते तो रेग्युलेटरपाशी. नोझलपर्यंत तेवढा वायू पोचतो का, हे घरी पाहण्याचा बिनखर्चाचा मार्ग आहे. प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी घ्यावी, तिच्यात मापाने पाणी भरून ती दहा लिटरची आहे अशी खूण करावी आणि ती पूर्ण वाळवावी. अर्थचा क्लॅम्प जॉबवरून काढावा, वायरवरचा रोलर सैल करावा म्हणजे वायर पुढे येणार नाही. पिशवी चापून तिचे तोंड नोझलवर रबराने बांधावे आणि बटण दाबून घड्याळ पाहावे. मिनिटाला बारा लिटरप्रमाणे खुणेपर्यंत पिशवी पन्नास सेकंदांत फुगली पाहिजे. सव्वा मिनिट लागले तर आठच लिटर पोचत आहेत, बाकीचे चार वाटेत सांडत आहेत. नळीचे जोड, गनची मागची रबरी रिंग आणि टाकीच्या मानेवरचा वॉशर साबणाच्या पाण्याने तपासावा. जिथे फेस फुगेल तिथे चोर सापडला.

मालक गॅसवरून बोलतो, तेव्हा त्याला हा हिशेब दाखवावा. तीस किलोच्या टाकीत सुमारे सोळा हजार लिटर वायू असतो. बारा लिटरच्या मापाने तो बावीस तास पुरतो, अर्थात प्रत्यक्ष बटण दाबलेले तास. वीस लिटरने तो साडेतेरा तासांच्या आत संपतो. आणि मिनिटाला केवळ एक लिटर गळणारा जोड, टाकी रात्रंदिवस उघडी राहिली तर, अकरा दिवसांत ती रिकामी करतो. तेव्हा काटकसर करायची असेल तर ती गळती बुजवून आणि संध्याकाळी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून करावी, टाक्यावरचे छत्र तोकडे करून करू नये.

टाकीत किती उरला आहे, हे काट्यावरून कळत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो. जोवर थोडाही द्रव शिल्लक आहे तोवर काटा जवळजवळ एकाच जागी राहतो : वीस अंशाला सुमारे सत्तावन वातावरणे. द्रव संपला की तो भराभर उतरतो. हा काटा उरलेल्या मालापेक्षा हवामानच अधिक सांगतो. शिवाय एकतीस अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा उन्हातल्या भरल्या टाकीत दाब फार चढतो. म्हणून टाकी सावलीत, उभी आणि साखळीने बांधलेली असावी. उरलेला माल पाहायचा तर टाकी वजनकाट्यावर ठेवावी आणि तिच्या मानेजवळ कोरलेले रिकाम्या टाकीचे वजन त्यातून वजा करावे. आर्गॉनच्या मिश्रणाची टाकी असेल तर तिथे सगळा वायूच असतो, म्हणून तिचा काटा वापराबरोबर सरळ उतरत जातो आणि त्यावर भरवसा ठेवता येतो.

कार्बन डायऑक्साइड टाकीतून बाहेर पडून फुगतो तेव्हा भयंकर थंड होतो. बराच वेळ सलग काम केले की रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि प्रवाह अडखळतो. त्यासाठी हीटर असतो. पुष्कळ शेडांत हीटरची वायर तुटून लोंबत असते आणि दुपारनंतर टाके का बिघडतात याचा शोध मशीनमध्ये चाललेला असतो.

आकडा बरोबर, तरी टाका वाईट

कधी कधी मीटरवर बारा असतात आणि तरीही भोके पडतात. अशा वेळी हात रेग्युलेटरकडे जातो. तो आवरावा आणि पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. नोझलच्या आत ठिणग्यांचे लोखंड साचले आहे का? साचले असेल तर वायू एकाच बाजूने सुटतो. नोझल जॉबपासून फार दूर धरले आहे का? दहा ते पंधरा मिलिमीटर पुरे. गन फार आडवी धरली आहे का? उभ्या रेषेपासून दहा-पंधरा अंशांपेक्षा अधिक कलली की मागच्या बाजूने हवा शिरते. पत्र्यावर गंज, तेल, रंग किंवा दव आहे का? त्यांतूनही वायू निघतो आणि त्याला कोणतेही छत्र अडवू शकत नाही. टाका संपताच गन झटक्याने उचलली का? धातू थिजेपर्यंत एक-दोन सेकंद ती जागीच ठेवावी.

आणि शेवटी वारा. ताशी सात-आठ किलोमीटरचा वारा म्हणजे अंगाला सुखावणारी झुळूक, पण वायूचे छत्र उडवायला तेवढी पुरते. उजनीच्या पाण्यावरून येणारा दुपारचा वारा याहून कितीतरी जोराचा असतो. काम सुरू करण्यापूर्वी जॉबपाशी उदबत्ती धरावी. धूर वर चढला तर काम करावे. आडवा पडला तर वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा करावा. वायू वाढवून वाऱ्याशी कुस्ती खेळू नये. ज्या रानात आडोसा करता येत नाही तिथे जुना रॉडच बरा.

माणसाचे छत्र

इथपर्यंत मी लोखंडाविषयी बोललो. परंतु मी संघटनेचा माणूस आहे, आणि हे सारे शिकताना एका गोष्टीने मला अस्वस्थ केले. ज्या हवेपासून आपण लोखंडाला वाचवतो, त्याच हवेवर वेल्डर जगतो. लोखंडाला हवा नको असते, माणसाला हवी असते, आणि दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर असतात. म्हणून उन्हाळ्यात पंखा लावावा की न लावावा, हे शेडातले रोजचे भांडण होते. मालक टाक्यासाठी पंखा बंद करतो, कामगार श्वासासाठी तो चालू करतो. दोघांचेही खरे आहे.

वेल्डिंगच्या धुरामुळे कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली दिला आहे. तेव्हा वारा टाक्याला लागू नये म्हणून शेड कोंडून घेणे हा उपाय नव्हे. आडोसा जॉबपुरता, कमरेइतका असावा आणि छप्पर व समोरची बाजू मोकळी असावी. पंखा टाक्यावर हवा फेकणारा नसावा. तो दूरच्या भिंतीत, धूर बाहेर ओढणारा असावा. आणि वेल्डरने आपले डोके धुराच्या झोतात न ठेवता बाजूला ठेवावे. या तीन गोष्टींना फारसा खर्च नाही.

सर्वांत मोठा धोका टँकरचा. दुष्काळ जवळ आला की पाण्याचे टँकर बनवण्याची घाई होते आणि वेल्डर वरच्या झाकणातून आत उतरतो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. तो तळाशी साचतो, आणि वेल्डर तळाशीच उकिडवा बसलेला असतो. हिशेब करून पाहा. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये मिनिटाला बारा लिटर वायू सुटत राहिला आणि हवा बदलली नाही, तर सुमारे तेहतीस मिनिटांत चारशे लिटर होतात, म्हणजे शंभरात चार भाग. एवढे प्रमाण जिवाला तात्काळ धोकादायक मानतात. डोके जड होते, छाती धापते, पाय गळतात आणि शिडी चढण्याची शक्ती राहत नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइडची भर निराळीच. गन आत टाकून वेल्डर जेवायला गेला आणि व्हॉल्व्ह गळत राहिला, तर परत येणारा माणूस सरळ मरणात उतरतो.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे कळत होते. धान्याचे पेव उघडले की ते लगेच आत उतरत नसत. काही वेळ ते उघडे ठेवीत, मग दोरीने दिवा खाली सोडीत. दिवा विझला तर माणूस उतरत नसे. पेवातला तो मारक वायू म्हणजे मुख्यतः हाच कार्बन डायऑक्साइड. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ३६ व्या कलमात याच शहाणपणाला कायद्याचे रूप दिले : बंदिस्त टाकीत उतरण्यापूर्वी जाणकाराने तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याजवळ श्वसनाचे साधन असावे आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हातात असावा. पुढे २०२० च्या नव्या संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. परंतु कायदा जुना असो वा नवा, बाप, लेक आणि एक हेल्पर यांचे शेड कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. तिथे इन्स्पेक्टर येत नाही, युनियनही क्वचितच पोचते. तिथे नियम पाळायचा तो आपणच आपल्यासाठी.

म्हणून सांगतो. टँकरमध्ये उतरायचे तर आधी ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत पोचवावी आणि काम चालू असेपर्यंत ती चालू ठेवावी. नुसती हवा घालावी, ऑक्सिजनची टाकी आत कधीही सोडू नये, त्याने कपडे भडकतात. बाहेर एक माणूस बसलेला असावा आणि त्याने दुसरे काहीही काम करू नये. आतला माणूस पडला तर बाहेरच्याने त्याच्यामागे उडी घेऊ नये, दोर ओढावा. विश्रांतीला वर येताना गन बाहेर आणावी आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा. टँकरमध्ये पूर्वी डिझेल किंवा दुसरे काही भरले असेल तर त्याला हातच लावू नये, ते निराळ्या जाणकारांचे काम आहे.

मित्रहो, त्या हुकाची गोष्ट अपुरी राहिली. तो मुलगा नंतर दुसऱ्या शेडात गेला. काही वर्षांनी भेटला तेव्हा त्याच्या हाताखाली एक पोरगा शिकत होता. मी बसलो असताना त्याने टाका सुरू करण्यापूर्वी बटण दाबून गोळी पाहिली, मग खिशातून उदबत्ती काढली. पोरगा हसला. त्यावर तो त्याला म्हणाला, "हसू नगंस. ही न लावल्यामुळं माझं पंधरा दिस आणि एका माणसाचा पाय गेला हाय."

त्याचे पंधरा दिवस मला परत मिळवून देता आले नाहीत. आज मात्र तसा प्रसंग आला तर मी मालकासमोर बसून शांतपणे विचारू शकेन : फ्लोमीटर कोठे आहे, हीटर चालतो का, आडोसा आहे का, माप कोणी ठरवून दिले होते? ज्याला मापच सांगितलेले नाही त्याला चुकीचा दंड करता येत नाही. कामगाराच्या हाती हे आकडे असणे ही त्याची ढाल आहे, आणि मालकाच्या हाती असणे ही त्याचीही बचतच आहे. म्हणून आपापल्या शेडात, टाकीच्या मागच्या पत्र्यावर, खडूने एवढे तरी लिहून ठेवा : वायर किती, लिटर किती, आणि आत उतरला असेल तर बाहेर कोण.